पाण्याची बाटली आणि टॉयलेटची चावी

काही वर्षांपूर्वी ८ मार्चला भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी पाण्यावर बोलायला गेले होते. तीसेक बायका, गाड्यांच्या वायरिंगची जोडणी करणाऱ्या. कंपनीने महिला दिनाची भेट म्हणून प्रत्येकीला लिटरभराची गुलाबी बाटली दिली होती. बाटलीवर खुणा: दहा वाजता इथपर्यंत, बारा वाजता इथपर्यंत. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, मुतखड्याची शक्यता वाढते, असं सगळं मी सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. समोसे आले, फोटो झाला.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा पाच-सहा बाटल्यांत मनीप्लांट लावलेला होता. बाकीच्या घरी, पोरांच्या दप्तरात गेलेल्या. एका ताईंना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, पाणी प्यालं की जावं लागतं. जायचं तर चावी मागावी लागती. चावी सुपरवायझरच्या टेबलावर. त्यो म्हणतो, आत्ता तर गेली होतीस."

बायकांचं टॉयलेट स्वच्छ राहावं, पुरुषांनी वापरू नये, म्हणून कुलूप लावलं होतं. हेतूत खोट काढायला जागा नाही. पण दिवसातून चार वेळा एका परक्या पुरुषाकडे जाऊन, चारचौघांत, कशासाठी ते न सांगता सगळ्यांना कळेल अशी चावी मागायची, यापेक्षा पाणी न पिणं सोपं होतं. पाण्याबद्दल मी सांगितलेलं सगळं खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

कंपन्यांमध्ये हल्ली दोन कामं जोरात चालतात. एकाला म्हणतात वेलनेस कोचिंग, दुसऱ्याला डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन, म्हणजे विविधता आणि समावेशन. ऑफिसच्या भाषेत 'डी अँड आय'. बजेट वेगळं, माणसं वेगळी, मेल वेगळे. बाटली एका खात्याची आणि चावी दुसऱ्या खात्याची. ही दोन कामं एकत्र का करायची आणि ती करताना कुठे घोळ होतो, हे सांगायला बसले आहे.

आधी शब्द. पुण्यात कोचिंग म्हटलं की अकरावी-बारावीचा क्लास आठवतो, त्यामुळे 'मी वेलनेस कोच आहे' म्हटल्यावर माझ्या आत्याने "मग बॅच कितीची?" असं विचारलं होतं. हे कोचिंग शिकवणं नव्हे. झोप, खाणं, हालचाल, ताण, दारू-सिगारेट, यांपैकी कशात तरी माणसाला बदल करायचा असतो, तो बदल त्याच्याच आयुष्यात बसेल असा शोधायला मदत करायची. साधारण पाऊण तासाची भेट, अशा सहा ते आठ. मी सल्ले कमी देते, प्रश्न जास्त विचारते. 'व्यायाम करा' असं सांगण्यापेक्षा 'गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी बरं वाटलं, त्या दिवशी वेगळं काय होतं?' हा प्रश्न जास्त लांब जातो. कोच डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही. महिनाभर उदासी हटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तिथे कोचिंग थांबतं आणि माणसाला योग्य ठिकाणी पोचवायचं असतं. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा नंबर प्रत्येक कोचच्या फोनमध्ये असायला हवा. किती जणांच्या असतो, ते सोडा.

आता समावेशन. विविधता मोजता येते: किती बायका, किती अपंग कर्मचारी, कोणत्या गावांतून, कोणत्या जातींतून, कोणत्या माध्यमातून शिकलेले लोक आहेत. समावेशन मोजायला अवघड, पण ओळखायला सोपं. दुपारी एक वाजता कोण कुणाबरोबर डबा खातं ते बघा. कोण एकटं जागेवर खातं तेही बघा.

कोचिंगचा प्रश्न असतो, 'तू स्वतःत काय बदलशील?' समावेशनाचा प्रश्न असतो, 'आपण जागेत काय बदलू?' दोघांपैकी एकच प्रश्न विचारला तर काय होतं, ते बाटलीने दाखवलं. उलटही होतं. हिंजवडीतल्या एका कंपनीने प्रत्येक मजल्यावर स्तनपानासाठी खोली केली, उत्तम फ्रिज ठेवला. खोली रिकामी. नव्याने आई झालेल्या मुलीला 'मी मीटिंगमधून उठून जाते आहे' हे म्हणायचा धीर नव्हता आणि तो यायला कुणीतरी तिच्यासोबत बसायला हवं होतं. जागा बदलली होती, माणूस तिथपर्यंत पोचला नव्हता.

ताण हा फक्त मनाच्या कमकुवतपणाचा विषय नाही, याचा सर्वांत गाजलेला पुरावा ऑफिसातूनच आलेला आहे. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुष नोकरदारांचा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात त्याला, मायकेल मार्मट हे त्यातलं मोठं नाव. सगळे एकाच शहरात, सगळ्यांना पक्की नोकरी, उपाशी कुणी नाही. तरी शिपाई-द्वारपाल अशा सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही फरक पुरता पुसला गेला नाही. १९८५ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात बायकाही होत्या, आणि त्यात एक धागा हाती लागला: आपल्या कामावर आपला ताबा किती, यावर हृदयाची तब्येत अवलंबून असते. कधी उठायचं, कोणतं काम आधी करायचं, एवढंसुद्धा ज्याच्या हातात नाही त्याला धोका जास्त. आपल्याकडे साहेबाला हार्ट अटॅक येतो आणि शिपाई निवांत असतो, अशी समजूत आहे. प्रकार उलटा आहे.

चावी मागायला लागणं म्हणजे ताबा नसणं. आणि ताबा कुणाला किती, हे पगाराबरोबर लिंग, जात, भाषा, अपंगत्व यांवरूनही ठरत असतं. इथे तब्येत आणि समावेशन एकाच टेबलावर येतात.

दुसरी बाजू पाहू. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाची ॲप, ताण सोसायला शिकवणाऱ्या कार्यशाळा, झोपेचे कार्यक्रम, यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या बरं वाटण्यात फरक जवळपास दिसलाच नाही. अपवाद एकच निघाला, समाजसेवेची संधी देणारे कार्यक्रम. हे एकाच वेळी टिपलेलं चित्र होतं, आधी-नंतरची तुलना नव्हती, त्यामुळे 'या कार्यक्रमांनी काहीच होत नाही' असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण ज्या धंद्यावर माझं पोट आहे त्याच्याबद्दलचा हा आकडा मी भिंतीवर लावून ठेवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्यामुळे होणारी अवस्था, असं म्हटलं. म्हणजे मूळ त्या ठिकाणी.

समावेशनवाल्यांनीही खूश व्हायचं कारण नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी ८०० हून जास्त अमेरिकन कंपन्यांची अनेक वर्षांची माहिती पाहिली, तर सक्तीच्या डायव्हर्सिटी ट्रेनिंगमुळे वरच्या पदांवर विविधता वाढलेली फारशी दिसेना, काही गटांची तर घटली. एकास एक मार्गदर्शन, आणि कुणीतरी एक जण नाव घेऊन जबाबदार असणं, याने फरक पडला. आपल्याकडे सक्तीचं ट्रेनिंग म्हणजे काय ते सांगायला नको: स्लाइड पुढे ढकलत राहायच्या आणि शेवटच्या प्रश्नमंजूषेची उत्तरं शेजारच्याला विचारायची.

मग जोडायचं कसं? मला याचं उत्तर पुण्यातच, शिवाजीनगरला, मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेत मिळालं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. लहानपणी स्वतः अतिशय आजारी असलेला माणूस. १९७५ मध्ये संस्था उभी राहिली. तिथे गेलात तर भिंतीला दोर, खाली लाकडी विटा, पट्टे, लोड, पाठ नसलेल्या लोखंडी खुर्च्या. पुढे वाकून ज्याचा हात पायाच्या बोटाला पोचत नाही, त्याला रागवत नाहीत आणि 'तू बस, तुला नाही जमणार' असंही म्हणत नाहीत. तळपायाभोवती पट्टा देतात. पट्टा मिळाला म्हणून आसन फुकट होत नाही. मांडीची शीर ताणली जाते, घाम येतोच. कष्ट त्याचे, सोय वर्गाची. साठीच्या काकू, सायटिकावाले काका आणि विशीतला पोरगा एकाच रांगेत, प्रत्येकाजवळ वेगळं सामान. ऑफिसात नेमकं एवढंच करायचं असतं. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात या पट्ट्याला 'वाजवी सोय' असं नाव आहे आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं असंही त्यात सांगितलं आहे. धोरण बऱ्याच ठिकाणी फाइलीत आहे. पट्टा कुठे आहे, ते शोधावं लागतं.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. खराडीतला एक कर्मचारी रोज संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून आला. आधीच्या कोचने स्क्रीन कमी करायला सांगितलं होतं. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. दिवसभराच्या ऑनलाइन मीटिंगांत तो ओठ वाचत, अंदाज बांधत बसायचा. ऐकण्यासाठी मेंदूला डबल शिफ्ट करावी लागत होती. उपाय दोन होते. मीटिंगमध्ये कॅप्शन, म्हणजे बोललेलं स्क्रीनवर अक्षरांत दिसायची सोय, चालू ठेवायची, हा टीमसाठी. आणि 'मला ऐकू आलं नाही, परत सांगा' हे न लाजता म्हणायचं, हा त्याच्यासाठी. दुसरा जास्त अवघड गेला. पाच भेटी त्यातच गेल्या. कॅप्शन तर एका क्लिकवर सुरू झाली, आणि मग चेन्नईच्या साहेबांचं इंग्रजी सगळ्यांनाच समजू लागलं.

पावलं मोजायच्या स्पर्धेचंही तसंच. पायाला आधाराचे कॅलिपर लावून चालणाऱ्या मुलीचं नाव दर सोमवारी यादीत तळाला. पावलांऐवजी 'आज किती मिनिटं हालचाल केली' असं मोजायला लागल्यावर प्रश्न मिटला. इतकं सोपं असताना कुणाला का सुचलं नाही? तिला कुणी विचारलंच नव्हतं.

काही गोष्टी इतक्या सोप्या नसतात. 'तुमचं आडनाव काय? मूळचे कुठले? कुलदैवत कोणतं?' हे प्रश्न पुण्यात चहाइतके सहज विचारले जातात. विचारणाऱ्याला वाटतं ओळख काढतोय. ज्याला विचारलं त्याला बरोबर कळतं की कशाचा शोध चाललाय. एक मुलगा याच कारणाने टीमबरोबर जेवायचं टाळत होता, आणि माझ्या नोंदीत मी लिहिलं होतं, 'जेवणाच्या वेळा अनियमित'. मी ज्या घरात वाढले तिथे आडनाव सांगताना थबकावं लागलं नाही, म्हणून हा प्रश्न माझ्या यादीतच नव्हता. कोच कुठल्या घरातून आलाय, यावर त्याला काय ऐकू येतं हे ठरतं, आणि प्रमाणपत्र घेऊन हे जात नाही.

'पाळी' हा शब्दच बघा. मराठीत शिफ्टलाही पाळी आणि मासिक धर्मालाही पाळी. कारखान्याच्या फलकावर पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी सगळं असतं. दुसऱ्या अर्थाच्या पाळीची सोय मात्र त्याच फलकाखालच्या बाईने आपली आपण बघायची.

आता माझी चूक. एका कंपनीत झोप लागत नाही म्हणून एक मुलगी आली. मी श्वसन शिकवलं, रात्री फोन दूर ठेवायला सांगितलं, 'नाही' कसं म्हणायचं याचा सराव घेतला. चार भेटी झाल्या. पाचव्या भेटीत सहज विचारलं, "नाही कुणाला म्हणायचंय?" तिने वरिष्ठाचं नाव घेतलं. रात्रीचे मेसेज, कॅबमध्ये शेजारी बसायचा आग्रह. हा झोपेचा प्रश्न नव्हता, २०१३ च्या कायद्याखालचा लैंगिक छळ होता. त्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते आणि तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यातला जवळपास दीड महिना मी तिला दीर्घ श्वास घ्यायला लावण्यात घालवला होता. तिने पुढे तक्रार केली, तो तिचा निर्णय. त्यानंतर पहिल्याच भेटीत मी विचारते की हा त्रास कुठल्या एका माणसाशी जोडलेला आहे का. छळ सोसायचं बळ वाढवणं हे कोचिंग नाही. हे वाक्य मी करारातच लिहून टाकलं आहे.

करारावरून आठवलं, सगळ्यात नाजूक गाठ तिथेच आहे. पैसे कंपनी देते आणि गोष्ट कर्मचाऱ्याची असते. दोन कामं वेगळी असताना कोचने गप्प राहिलं की झालं. एकत्र केली की कोचला कळलेलं काहीतरी कंपनीपर्यंत जायलाच हवं, नाहीतर चावी जागची हलणार नाही. पण 'अमुक बाई तक्रार करत होती' असं गेलं तर उद्या माझ्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही. मी पाळते तो नियम असा: वेगवेगळ्या पाच जणांकडून तीच गोष्ट आली तरच ती वर सांगायची, तीही जागेबद्दलची, माणसाबद्दलची नाही. 'दुसऱ्या मजल्यावर टॉयलेट नाही' हे जाईल, 'दुसऱ्या मजल्यावरच्या बायका वैतागल्यात' हे जाणार नाही. ऑफिसात एकच अंध कर्मचारी असेल तर पाचाचा नियम कुचकामी. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हटलं की नाव न घेताही नाव कळतं. तिथे सरळ तिलाच विचारायचं: हे मी सांगू, तू सांगशील, की राहू दे? 'राहू दे' म्हणाली तर राहू द्यायचं, कितीही पटलं नाही तरी.

तुमच्या कंपनीत असं काही सुरू झालं, तर पहिल्या दिवशी कोचला हेच विचारा. माझ्या बोलण्यातलं काय, कुणाला, कोणत्या रूपात जातं? मॅनेजरला माझ्या भेटींच्या तारखा दिसतात का? उत्तर गुळमुळीत आलं तर झोप आणि खाण्यापलीकडे काही बोलू नका. आणि मागच्या सहा महिन्यांत कंपनीने जागेत काय बदललं, हेही विचारा. एकही गोष्ट सांगता आली नाही तर बाटल्याच वाटल्या जाताहेत असं समजा.

समावेशनाचं काम स्वतःच माणसाला दमवतं, याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. कमिटीत बाई हवी म्हणून तीच ती एक बाई, दलित प्रतिनिधी हवा म्हणून तोच एक मुलगा, नेहमीचं काम सांभाळून, बिनपगारी. व्हीलचेअर वापरणारा एक जण मला म्हणाला, "३ डिसेंबरला, अपंग दिनाला, मी प्रेरणादायी असतो. बाकीचं वर्ष लिफ्टची वाट बघतो." त्याच्यासोबतच्या सहा भेटींचं फलित एवढंच, की पुढच्या ३ डिसेंबरला त्याने भाषणाला नकार दिला आणि रजा टाकून सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी खाल्ली. यशस्वी कोचिंग म्हणून मी हे उदाहरण देते, तेव्हा एचआरच्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

भोसरीत काय झालं ते राहिलंच. तिथे एचआर वगैरे नव्हतं, मालक होते, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. कामगारांसाठी सोयीच्या जागी, सर्व वेळ वापरता येईल असं स्वच्छतागृह हवं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं, पण मी कायद्याचं नाव काढलं नाही. चावी बायकांच्या कपाटाशेजारी टांगली तर चालेल का, एवढंच विचारलं. भाऊ म्हणाले, "एवढंच? मग आधी का नाही सांगितलं कुणी?" दहा मिनिटांत भिंतीत खिळा ठोकला. सुपरवायझरही सुटला, चावी सांभाळायचं काम त्यालाही नकोच होतं. एका चावीचं पुढे दोनदा हरवणं झालं, मग दुसरी बनवली.

हिंजवडीतलं एक अंड्याचं प्रकरण मात्र अजून चालू आहे. मराठवाड्यातून आलेला पोरगा, वाकडला कॉट बेसिसवर राहतो, तपासणीत बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी आलं. अंडी खाणारा आहे, म्हणून ठरलं की सकाळी दोन उकडलेली अंडी. तो ती खोलीवर पाणी तापवायच्या इलेक्ट्रिक किटलीत उकडतो आणि डब्यात नेतो. ऑफिसच्या पँट्रीत पाटी आहे: 'कृपया मांसाहारी पदार्थ आणू नयेत.' मी एचआरला विचारलं, त्यांनी ॲडमिनला, ॲडमिनने इमारतीच्या मालकाला. पाटी कुणी लावली ते अजून कुणाला सापडलेलं नाही, त्यामुळे ती काढायची कुणी हेही ठरत नाही. पोरगा पार्किंगमध्ये स्कूटीच्या सीटवर डबा ठेवून खातो. सुरुवातीला एकटाच असायचा. गेल्या वेळी पाहिलं तर चौघं होते, आणि एकाने घरून मीठ-तिखटाची पुडी आणली होती.